फ्लॅगस्टाफला नुसतं जेवायला थांबू नकोस

मित्रा,

तुझा मेसेज वाचला. ग्रँड कॅन्यनला जाता जाता फ्लॅगस्टाफमध्ये जेवून पुढे सटकायचं म्हणतोयस, तसलं काही करू नकोस. एक रात्र राहा आणि डाउनटाउन पायी फीर, कारण अ‍ॅरिझोनातलं हे गाव कुठे वसायचं, कुठे वळायचं, हे सगळं आधी रेल्वेनं ठरवलं आणि मग हायवेनं.

म्हणजे बघ, १८८२ मध्ये इथे रूळ आले. पहिली वस्ती जरा पश्चिमेला होती, पण तिथे चढ, थांबलेली गाडी परत निघताना इंजिनाच्या नाकी नऊ यायचे, म्हणून रेल्वेनं स्टेशन अर्धा मैल पूर्वेला सपाटीवर नेलं (स्टेशन कसलं, मालगाडीचा डबाच तो!) आणि झालं, दुकानदारही गाशा गुंडाळून त्याच्या मागे. उरलेलं जुनं गाव १८८४ मध्ये जळालं. नवंही लाकडाचंच, तेही पेटायचं, शेवटी १८९७ मध्ये नियम आला की डाउनटाउनमध्ये बांधायचं तर वीट, दगड नाहीतर लोखंड. आज फोटो काढायला लोक थांबतात ना, ती दगड-विटांची दुकानं त्यानंतर वाढली.

मग १९२६ मध्ये रूट ६६ आला, शिकागो ते लॉस एंजेलिस जाणारा तो प्रसिद्ध हायवे. रुळांना चिकटून गावात शिरायचा आणि बीव्हर स्ट्रीटवर रूळ ओलांडून दक्षिणेला फिनिक्स अ‍ॅव्हेन्यूवर वळायचा. मला सगळ्यात आवडलं ते तिथलं मोटेल डुबो. १९२९ मध्ये खास मोटारवाल्यांसाठी बांधलेलं, अगदी मोक्याची जागा, आणि १९३४ मध्ये रुळांखालून अंडरपास झाला नि हायवेच दुसरीकडून गेला! मालकाला काय वाटलं असेल रे. पुढे तिथे हॉस्टेल झालं.

रुळांच्या त्या दक्षिणेकडच्या बाजूला नक्की जा. लाकडाच्या मिलमध्ये राबणारे मेक्सिकन आणि काळे लोक तिकडेच राहायचे, पण ६६ च्या टी-शर्टांनी भरलेल्या दुकानांत त्यांचं नावही निघत नाही, हे मला खटकलं.

पुढे आय-४० हा नवा मोठा हायवे गावाच्या दक्षिणेनं गेला आणि १९८५ मध्ये ६६ अधिकृतपणे रद्दच झाला. याच रस्त्यावरची कितीतरी गावं त्यानं ओस पडली, हे तगलं, कारण युनिव्हर्सिटी आहे, कॅन्यनचे टुरिस्ट आहेत आणि मालगाड्या तर दिवसरात्र चालूच.

हॉटेल मॉन्टे व्हिस्टा बघून ठेव, १९२७ चं, गावकऱ्यांनीच पैसे उभे करून बांधलेलं. झोप हलकी असेल तर रुळांकडची खोली घेऊ नकोस मात्र. आणि ड्रायव्हिंगचा कंटाळा असेल तर लॉस एंजेलिसहून साउथवेस्ट चीफ ही रेल्वेगाडी पकड, ती इथल्या १९२६ मध्ये बांधलेल्या स्टेशनवर थांबते. तारखा ठरल्या की कळव, जमलं तर मीही येतो.

तुझाच