चिऊची ॲडमिशन, आणि फोनवर राहिलेलं सगळं

मुलुंड, रविवार दुपार

ती. आई-बाबा,

शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणजे बाबांनी "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला आणि आईने लगेच आमसुलं पावसाच्या आधी वाळली का नाही ते सुरू केलं, तेव्हाच मला कळलं की हा विषय फोनवर काही होत नाही. म्हणून लिहितेय. दादा म्हणालाय व्हॉट्सॲपवर टाक, मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देतो. तेव्हा बाबा, चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा, मधेच सुडोकू घेऊन बसू नका.

तर चिऊचं. तुमचं म्हणणं रोह्यातच साधं बीकॉम करावं, घरचं जेवण, फी थोडी, आणि सोबत बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. तिचं म्हणणं मुंबईला आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे राहून बँकिंग अँड इन्शुरन्सचं बीकॉम करायचं, ज्याला इथे सगळे बीबीआय म्हणतात ते. आणि वहिनीला वाटतंय बीबीआय केलं की बँकेतली खुर्ची नाव लिहून ठेवलेलीच आहे. मला तुमचं तिघांचंही अर्धं अर्धं पटतंय, म्हणून एवढं लांबण लावतेय.

तुम्हाला माहितीये, गेली तीन वर्षं दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुट्टी असते त्या दिवशी, मी इथल्या एका कॉलेजात बीबीआयच्या मुलांना शिकवायला जाते. आई म्हणते सुट्टीच्या दिवशी कशाला दगदग, पण मला आवडतं ते. त्यामुळे आत काय शिकवतात, पोरं काय शिकतात आणि काय शिकत नाहीत, हे मी माहितीपत्रक वाचून सांगत नाहीये, स्वतः खडू हातात धरून बघितलेलं आहे. (खडू नाही आता, मार्कर. पण मार्कर हातात धरून असं काही बरं वाटत नाही लिहायला.)

आधी वहिनीला सांगा, प्लीज, की सरकारी बँकेच्या परीक्षेला बीबीआयचा वेगळा एक मार्कही मिळत नाही. आयबीपीएसला, म्हणजे ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, कुठलीही डिग्री चालते, केमिस्ट्रीची चालते, मराठी साहित्याची चालते. क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत 100 प्रश्न, एक तास, इंग्लिश, गणित आणि रिझनिंग, आणि चुकलं की पाव मार्क कापतात. त्यात बँकिंगचा एक प्रश्न नसतो, तो भाग पुढे मुख्य परीक्षेत येतो. वय 20 ते 28. चिऊ आत्ता कुठे अठराची झालीये, म्हणजे तसंही तीन वर्षं काहीतरी शिकायचंच आहे. एक मात्र आहे, क्लार्कला त्या राज्याची भाषा यावी लागते, आणि आपल्या चिऊचं मराठी इथल्या पोरांपेक्षा शंभर पटीने बरं आहे, माझ्या वर्गातल्या निम्म्यांना 'मुद्दल' म्हणजे काय ते मला प्रिन्सिपल म्हणून सांगावं लागतं.

इथपर्यंत बाबांचं बरोबर. आता त्यांचं कुठे चुकतंय ते सांगते.

बाबा, तुमच्या डोक्यात अजून बीएसआरबीच्या, म्हणजे बँकभरतीच्या त्या जुन्या मंडळाच्या वेळची बँक आहे, एकदा चिकटलं की साठीपर्यंत बघायला नको. आता माझ्या शिकवलेल्या पोरांपैकी सरकारी बँकेत गेले ते मोजकेच. बाकीचे कुठे आहेत? ऐरोलीला, मालाडला, पवईला त्या काचेच्या बिल्डिंगांमधे बसून परदेशातल्या बँकांचे केवायसीचे कागद तपासतात, इन्शुरन्सचे क्लेम बघतात, म्युच्युअल फंडांच्या ऑफिसात आहेत, एक पोरगी पतमानांकनाच्या कंपनीत आहे. ह्या कामांना त्यांना ते तीन वर्षांचं शिक्षण खरंच उपयोगी पडतं. इन्शुरन्सची तत्त्वं, टॅक्स, ऑडिटिंग, सेंट्रल बँकिंग, शेअर आणि पोर्टफोलिओ, हे साध्या बीकॉमला एवढं खोलात येत नाही. शिवाय शिकता शिकता सेबीच्या एनआयएसएम ह्या शिक्षणसंस्थेची म्युच्युअल फंडवाली परीक्षा देता येते, शंभर मार्कांची, पन्नासला पास, तीन वर्षं चालते ते सर्टिफिकेट. चिऊ ती दुसऱ्या वर्षीच देऊ शकेल.

आणि कधी कधी ते शिकलेलं थेट घरापर्यंत जातं. मागच्या वर्षी ठेवींचा विमा शिकवत होते. पोरांना पाठ असतं, डीआयसीजीसी (ठेवींचा विमा देणारं महामंडळ), 5 लाख, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेत एका माणसाला, आधी 1 लाख होतं ते फेब्रुवारी 2020 पासून वाढलं. सगळे घडाघडा म्हणाले. मी म्हटलं ठीके, आता घरी जा आणि आजीची पावती बघून या, कुठे ठेवलेत पैसे. पुढच्या वेळी एक मुलगी आली, भांडुपची, तोंड उतरलेलं. आजी इतकी वर्षं "माझ्या बँकेत" म्हणत होती ती बँकच नव्हती, पतपेढी होती, पावतीवर स्वच्छ लिहिलेलं 'सहकारी पतसंस्था', पण कोण वाचतं. आणि पतपेढीच्या ठेवीला हे 5 लाखांचं कवच नसतं. ती पोरगी घरी भांडली, आजी रुसली, काका म्हणाला चेअरमन आपल्या ओळखीतला आहे. शेवटी निम्मे पैसे तरी काढून नीट बँकेत ठेवले त्यांनी. मला तर वाटतं तिची तीन वर्षांची फी तिथेच वसूल झाली. फी जास्त आहेच बाबा, त्यात मी खोटं बोलणार नाही, सेल्फ फायनान्स कोर्स असतो तो, साध्या बीकॉमच्या कितीतरी पट.

पण सगळं गोड गोड नाहीये. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी कोऱ्या चेकच्या झेरॉक्स वाटल्या होत्या आणि म्हटलं भरा. साठ पोरं, हातात महागडे फोन, यूपीआयने वडापाव घेणारी. एकाने तारखेच्या चौकटीत जन्मतारीख घातली. एकीने विचारलं, मॅम, अकाउंट पेयी म्हणजे ज्याचं कुठेतरी अकाउंट आहे असा कोणीही का? चेक तीन महिने चालतो हे एकालाच माहीत होतं, त्याच्या बाबांचा परत आलेला म्हणून. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट 1881 चा, कलम 138 चेक बाउन्सचं, हे पेपरात दहा मार्कांना लिहितील, पण चेक हातात दिला की असं.

तसंच एनपीएचं, म्हणजे थकीत कर्जाचं. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. मी पुढे म्हटलं की पीककर्जाला नव्वद दिवस नाहीत, कमी मुदतीचं पीक असेल तर दोन हंगाम धरतात. तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅम पण ऑटो डेबिट का नाही लावत, दर महिन्याला कापलं की झालं ना." मी दोन मिनिटं नुसती बघत राहिले त्याच्याकडे. चूक त्याची नाही हो, तो कांदिवलीच्या सोळाव्या मजल्यावर वाढलाय, त्याच्या घरात दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. मग पुस्तक बंद केलं आणि त्यांना सांगितलं आपल्याकडचं, जूनमधे पेरणी, मग लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी, झोडणी झाली की मगच माणसाच्या हातात पैसा, मधले महिने त्याच्या खात्यातून काय कापणार, चिखल? तुम्ही जुन्या राजदूतवर बसून ज्या वसुलीला जायचात ना, आणि "भात झोडल्याशिवाय त्याच्या दारात जाऊन काय उपयोग" म्हणायचात, ते सगळं त्यांना सांगितलं. नियम त्यांना येत होता. तो तसा का आहे ते नव्हतं येत. चिऊला ते न शिकवता येतं, आणि हे एक कारण आहे ज्यासाठी मला ती ह्या वर्गात बसायला हवीये.

अजून एक. वर्ग फार पेंगायला लागला होता एकदा, तेव्हा तुमचा तो नऊचा हिशोब काढला. फळ्यावर लिहिलं, टॅली जुळत नाही, फरक 54 रुपये. शोधा. पोरं कॅल्क्युलेटर काढून परत सगळी बेरीज करायला लागली. मी म्हटलं थांबा, 54 ला नऊने भाग जातो का? जातो. म्हणजे बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत, 82 चे 28 झालेत, तिथेच बघा. आणि नऊने जात नसेल पण दोनने जात असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधा, नावेची (डेबिटची) जमेला (क्रेडिटला) पडली असेल. एकदम जागे झाले हो सगळे! एकाने विचारलं कुठल्या पुस्तकात आहे हे. मी म्हटलं रोह्याच्या आमच्या ओट्यावर आहे, रात्री साडेनऊ वाजता डबा परत घेऊन आलेल्या एका माणसाच्या तोंडी.

आणि रोह्यावरून आठवलं, ह्याचा मला खरंच राग आला. एलआयसी शिकवताना म्हटलं, जानेवारी 1956 मधे आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला तेव्हा अर्थमंत्री कोण? कोणी नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943? कोणी नाही. मुंबईसाठी 1956 मधेच मंत्रिपदावर पाणी सोडणारा माणूस? तेव्हाही गप्प. मुंबईत बसून, बँकिंग शिकताना, चिंतामणराव देशमुख माहीत नाहीत. मग मी आमच्या गावचे म्हणून जरा जास्तच भाव खाऊन घेतला.

असो. आता एक गोष्ट जी तुम्ही वहिनीला फार निक्षून सांगा. तिने मला ज्या क्लासची जाहिरात पाठवलीये ना, सहा महिने, बँकेत नोकरी हमखास, आधी पैसे भरा, ती फाडून टाका. माझ्या एका विद्यार्थ्याने असंच एका ठिकाणी कर्ज काढून पैसे भरले होते. नोकरी दिली त्यांनी, नाही म्हणायला, पण काय तर मॉलच्या दारात उभं राहून क्रेडिट कार्ड खपवायचं, पगार कमिशनवर, टार्गेट झालं नाही की उद्यापासून येऊ नको. चार महिन्यांत सोडली. कर्जाचा हप्ता अजून जातोय. ज्याला बँकेत जायचंय त्याने बँकेतच जाऊन मग शिकावं, जेएआयआयबी ही बँकवाल्यांची परीक्षा नोकरी लागल्यावर देतातच, चार पेपर असतात आता, पास झालं की इन्क्रिमेंट. बाबा, तुम्ही सीएआयआयबीचा पहिला भाग, म्हणजे आताची जेएआयआयबीच, पास झालात तेव्हा त्या वाढीव पैशांतून घरात मिक्सर आला होता आणि आईने पाटा तरीही वर्षभर माळ्यावर टाकू दिला नव्हता, आठवतंय?

तर माझं म्हणणं असं. चिऊला पाठवा. माझ्याकडे राहील, कॉलेज दोन स्टेशनं, सकाळची बॅच, म्हणजे आई तुला लोकलच्या गर्दीची काळजी नको, त्या वेळेला उलट्या दिशेला गाडी रिकामी असते. पहिल्या वर्षापासून रोज एक तास गणित आणि रिझनिंग मी करून घेईन, तीन वर्षांनी वय बसलं की आयबीपीएस देईल, लागली तर उत्तम, नाही लागली तर हातात काहीतरी असेल जे तिला येतं. फी निम्मी मी भरते, दादाशी बोललेय, तो आढेवेढे घेतोय पण घेईल. आणि तोवर, मेरिट लिस्ट लागेपर्यंत, बाबा, तिला रोज वहीचं एक पान बेरजा द्या, कॅल्क्युलेटर न घेता, उभ्या, पैशांसकट. रडेल. द्याच.

तिच्याबरोबर दिवा गाडीने तुम्हीही दोघं या चार दिवस. कोकम आगळ आण आई, इथलं बाटलीतलं नुसतं साखरेचं पाणी आहे.

तुमची
ताई

ता. क. आई, भिशीच्या बायकांनी मिळून ती जी एफडी केलीये, तिच्या पावतीचा फोटो काढून पाठव. वरच्या ओळीसकट, जिथे नाव छापलेलं असतं तिथपासून. आणि बाबा, आयुष्यभर लोकांना सही जपा म्हणून सांगितलंत आणि नेट बँकिंगचा पासवर्ड डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलाय, तोही लाल पेनाने. मी मे महिन्यात बघितलाय. ते पान फाडा.