पालकमंत्री साहेब, चार्ज यादीत खुर्च्या मोजल्या, बाबूंच्या डोक्यातलं राहून गेलं

मा. पालकमंत्री साहेब, नागपूर जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका सरकारी ऑफिसात कनिष्ठ लिपिक आहे. मागच्या वर्षी आमचे मोठे बाबू रिटायर झाले, ५८ पूर्ण. शेवटच्या दिवशी त्यांनी चार्ज दिला, म्हणजे ऑफिसातलं सामान मोजून ताब्यात दिलं, त्या यादीवर सही मीच केली. लोखंडी कपाटं ६, खुर्च्या ११, टेबल फॅन १ (बंद), रबरी शिक्के ९. शाल-श्रीफळ झालं, समोसे झाले, फोटो झाला आणि बाबू घरी गेले. तीसेक वर्षांत त्यांना जे कळलं होतं त्यातला एक शब्द त्या यादीत नव्हता.

नंतर काटोलकडच्या एक काकू यायला लागल्या. नवरा आमच्याच खात्यात होता, वारला, आणि त्याचं सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, सापडत नाही म्हणून फॅमिली पेन्शन अडकलेली. पाच महिने त्या एसटीनं येत राहिल्या, पिशवीत त्याच झेरॉक्स, आणि आम्ही दर वेळी "शोधून राहिलो काकू" म्हणायचो, खरंच शोधत होतो हो, कपाटं तीनदा उपसली. शेवटी मी बाबूंना फोन लावला. दोन मिनिटं लागली. म्हणे, "अरे पोट्ट्या, तो आधी दुसऱ्या उपविभागात होता, ते बंद झालं तेव्हा तिकडचे गठ्ठे कपाटात मावले नाही, जिन्याखाली हिरवी पेटी आहे, तिच्यात पाहा." तिथंच होतं. लाल फडक्यात बांधलेलं, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. काकू त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाकड्यावर बसून राहिल्या.

माणसांच्या डोक्यातलं असं जपून ठेवण्याला कंपन्यांमध्ये नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात, २०१८ मध्ये आयएसओ ३०४०१ म्हणून त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही आलं. आपल्याकडे कागदाची शिस्त आहे, १९८० च्या दशकात अहमदनगरच्या लखीना पॅटर्ननं दफ्तर कसं लावायचं ते दाखवलं, कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे लावायची सहा गठ्ठे पद्धत आहे, माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नं रेकॉर्डची सूची ठेवायलाच सांगितलंय. पण कोणत्या चुकीवर बिल ट्रेझरीतून परत येतं, कोणत्या जुन्या केसमध्ये कोणता जीआर (शासन निर्णय) लागला, हे कोणत्याच गठ्ठ्यात नसतं, ते माणसाजवळ असतं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की आम्ही रात्री दहा-दहापर्यंत बसून आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं बनवतो, आणि त्यातला एखादा प्रश्न आधीच्याच साली येऊन गेलेला असतो, उत्तर देणारा मात्र बदली होऊन गडचिरोलीला.

कृपा करून यासाठी नवीन पोर्टल काढू नका साहेब. पोर्टलवर भरायचं म्हटलं की लोकं रकाने भरतात, मनातलं लिहीत नाहीत. आणि एक भीतीही असते, सगळं सांगून टाकलं तर उद्या आपल्याला विचारेल कोण. झेरॉक्स कंपनीनं १९९० च्या दशकात मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांच्या युक्त्या जमा केल्या, युरेका नावाची सिस्टीम होती, युक्ती दुसरे मेकॅनिक तपासायचे आणि खाली सांगणाऱ्याचं नाव राहायचं. त्या नावासाठी माणसं सांगायची. आमच्या बाबूंचं नाव कुठंच राहिलं नाही.

मागणी एवढीच आहे की जिल्ह्यातल्या सगळ्या ऑफिसांत रिटायर होणाऱ्याच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या जागी येणारा माणूस त्याच्या बाजूला बसवा, रोज अर्धा तास त्याला बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्याच्याच बोलीत. मग त्यातलं कामाचं लिहून काढून त्याच्या नावानं चार्ज यादीला जोडा, आणि ते जोडल्याशिवाय चार्ज पूर्ण धरू नका. बदली झालेल्यालाही हेच लावा, तीन महिने नाही मिळणार, आठवडा तरी द्या.

३१ मे ला आमच्याकडचे अजून दोघं चाललेत. एक आस्थापनेचे, एक रेकॉर्ड सांभाळणारे शिपाई काका, ज्यांना अंधारातही कोणता गठ्ठा कुठं आहे ते माहीत आहे. मी माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड करायला तयार आहे, ऑफिस सुटल्यावर थांबायलाही तयार आहे, फक्त लेखी आदेश पाहिजे, आणि तो ३१ मे च्या आधी पाहिजे.

आपला,
एक कनिष्ठ लिपिक, नागपूर