दसऱ्याआधीची कामं

मस्कत

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेला नकाशा आणि ठेकेदाराचा दर पाहिला. दसऱ्याला पाया खणायचा तुमचा विचार चांगला आहे, पण त्याआधीची कामं क्रमाने व्हायला हवीत. बरीच घरं अर्ध्यावर अडतात त्याचं कारण ठरलेलं असतं: ठेकेदार पैसे आधी मागतो, बँक काम झाल्यावर देते, आणि मधल्या वेळेला लागणारी रक्कम कुणी बाजूला काढलेली नसते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र दादा-वहिनींनाही वाचायला द्या.

पहिलं काम सातबाऱ्याचं. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या. फेरफार मंजूर झाला की तुमच्याबरोबर काका आणि दोन्ही आत्यांची नावं लागतील. अशा सामायिक उताऱ्यावर एकट्याच्या घरासाठी बँक कर्ज द्यायला तयार होत नाही, म्हणून वाटपपत्र किंवा हक्कसोडपत्र लागेल, आणि तेही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. नोटरी केलेल्या कागदावर भागणार नाही. आत्यांकडे दादाला सह्यांसाठी पाठवू नका, तुम्ही स्वतः जाऊन बोला. त्यांना वाटा हवा असेल तर तो त्यांचा हक्कच आहे, आणि तो देऊनच आपण घर बांधू. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असं असेल तर ती गहाण ठेवायला वरिष्ठ महसूल कार्यालयाची परवानगी लागू शकते. तेही आताच बघा.

मोजणीचा अर्ज लगेच भरा. जुन्या बांधावर विसंबून नकाशा काढायचा नाही. आपले तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. मोजणीत एका बाजूने तीन फूट जरी कमी भरले तरी तेवढं सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा) घटतं आणि नकाशा परत येतो. आपली जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे की नाही, हेही या मोजणीत कळेल. आत असेल तर राहत्या घरासाठी वेगळी अकृषिक (बिगरशेती) परवानगी काढावी लागत नाही, ठरलेली रक्कम भरावी लागते. बांधकामाचा नकाशा मात्र मंजूर करून घ्यावाच लागतो. गावठाणाबाहेरच्या घराला ग्रामपंचायतीचं नुसतं पत्र बँकेला पुरत नाही.

आता जमिनीच्या पोटात काय आहे ते. आपला प्लॉट नदीकडच्या काळ्या मातीत आहे, आणि या कामात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरच्या दोन-तीन फुटांवर पाया ठेवला तर घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या ज्या चिरा गावातल्या जुन्या घरांना दिसतात, त्यातल्या पुष्कळ याच्याच आहेत, आणि गिलावा नवा केला तरी त्या पुन्हा उघडतात. म्हणून नकाशा पक्का होण्याआधी घराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत सात-सात फुटांचे चाचणी खड्डे घ्या. कडक मुरूम किती फुटांवर लागतो ते टेप धरून लिहून ठेवा आणि आर.सी.सी. डिझायनरला (पाया, कॉलम आणि स्लॅबचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरला) बोलावून दाखवा. मुरूम पाच-सहा फुटांत लागला तर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, त्यावर बसेल. नाही लागला तर पाइलचा (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) विचार करावा लागेल आणि पायाचा खर्च बराच वाढेल. तो वाढायचाच असेल तर कर्जाचा अर्ज करण्याआधी कळलेला बरा. खोदाईत निघालेली काळी माती जोत्यात परत भरू द्यायची नाही. ठेकेदाराची ती सोय असते, कारण वाहतूक वाचते. जोत्यात मुरूमच हवा, सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि धुमस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून. एकदम तीन फूट भरला तर पुढे फरशी खचते.

डिझायनरची फी वाचवू नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुम्हाला मी काय सांगावा! कॉलमच्या रिंगेचं (उभ्या सळयांभोवतीच्या कड्याचं) टोक काटकोनात न वळवता १३५ अंशांत आत वळवलेलं हवं, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. नकाशावर ते काढून घ्या आणि बार बेंडरला तोच नकाशा द्या.

दराविषयी. ठेकेदार २,००० रुपये फूट म्हणतो, १,२०० फुटांचे २४ लाख. पण फूट कुठला? पोर्च आणि छज्जे पूर्ण धरले आहेत की निम्मे, की धरलेच नाहीत, हे करारात लिहून घ्या. सिमेंट, सळई, फरशी, वायर आणि नळ कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या प्रतीचे, तेही लिहून घ्या. कुंपणाची भिंत, सेप्टिक टँक, बोअर आणि मोटर, विजेचं कनेक्शन, आर्किटेक्ट आणि डिझायनरची फी, परवान्याचं शुल्क, हे काहीच त्या दरात नाही. त्याला मी ४ लाख धरते. या २८ लाखांवर १० टक्के अडीअडचणीला. एकूण ३०.८ लाख. घराची किंमत एवढी आहे, २४ लाख नव्हे.

मालाचा अंदाज दादाने स्वतःही करावा. साधारण फुटाला ०.४ पोतं सिमेंट आणि चार किलो सळई धरतात, म्हणजे आपल्याला ४८० पोती आणि ४.८ टन. हा ढोबळ हिशोब झाला, खरा आकडा डिझायनरच्या बीबीएसमधून (सळयांच्या तपशीलवार यादीतून) येईल. पण ठेकेदार तीन टनांत घर बसवतो म्हणाला तर त्याला तिथेच थांबवून डिझायनरला विचारा. वाळू किंवा क्रश सँड घेताना गाडीचा हौदा आतून मोजायचा: दहा फूट लांब, पाच रुंद, चार उंच म्हणजे २०० घनफूट, दोन ब्रास. हौदा काठोकाठ नसेल तर जिथवर माल आहे तिथवरचीच उंची धरा. वाळू किंचित ओली असली की फुगते, पाच-सहा टक्के ओलीने वीस-पंचवीस टक्के जास्त दिसते. मूठ दाबून पाहावी; गोळा धरून राहिला तर दर ठरवताना तेवढी तूट धरायची.

आता पैसे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, पण आपण २० लाखच घेऊ. बँक आधी आपला वाटा खर्च झालेला बघते, मग जोतं, स्लॅब, वीटकाम-गिलावा आणि शेवटचं काम अशा टप्प्यांनी, व्हॅल्युअर (बँकेचा मूल्यांकन करणारा) पाहून गेल्यावर, रक्कम सोडते. म्हणून जोत्यापर्यंतचे ४ लाख दादाचे. वरचे ४ लाख आणि अडीअडचणीचे २.८ लाख मी पाठवते. हे २.८ लाख फिरते ठेवायचे: स्लॅबची सळई त्यातून घ्यायची आणि बँकेचा हप्ता आला की परत भरायचे. ठेकेदारालाही 'काम सुरू करताना' नाही, 'काम झाल्यावर' असेच टप्पे लिहून द्या, आणि ५ टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. गच्ची गळते की नाही ते तेव्हाच कळतं.

साडेआठ टक्के व्याज धरलं तर २० लाखांना १५ वर्षांसाठी महिन्याचा हप्ता १९,६९५ रुपये, २० वर्षांसाठी १७,३५६. महिन्याला साधारण २,३०० रुपये वाचवायला गेलं तर एकूण व्याज सव्वासहा लाखांच्या आसपास जास्त जातं. दादाला झेपत असेल तर १५ वर्षंच घ्यावीत. बांधकाम चालू असताना उचललेल्या रकमेवरच व्याज पडतं, ८ लाख उचलले असतील तर महिन्याला ५,६६७ रुपये. व्याजदर बदलता घ्या, त्यावर मुदतीआधी फेड केली तरी दंड नसतो. माझा बोनस आला की मी मुद्दलात भरेन.

जमीन तुमच्या नावावर येणार म्हणून तुम्ही सहकर्जदार राहाल, हप्ता दादाचा आणि माझा. कर्जात माझं नाव घालायचं ठरलं तर कुलमुखत्यारपत्राचा मसुदा बँकेकडूनच घ्या. प्रत्येक बँकेला आपलाच नमुना हवा असतो, आणि मसुदा न जुळल्यास सगळं पुन्हा करावं लागतं. मी इथे दूतावासात सही करून पाठवेन. ते तिकडे पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. तुमच्या निवृत्तीच्या मुदत ठेवीला हात लावायचा नाही, बाबा. या सगळ्या हिशोबात ती मी कुठेच धरलेली नाही.

खोदाईआधी बोअर घ्या आणि तात्पुरती वीज जोडून घ्या. पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. टँकरवर अवलंबून राहिलं तर पाचव्या दिवशीच कंटाळा येतो आणि स्लॅब कच्चा राहतो.

या आठवड्यात सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार यांचे फोटो पाठवा. खड्डे घेतले की आत टेप धरून काढलेले फोटोही दादाला पाठवायला सांगा. मुरूम किती खोल आहे ते कळल्यावर पायाचा आकडा मी पुन्हा मांडते. दसऱ्यापर्यंत मोजणी झाली नाही तर त्या दिवशी नुसतं भूमिपूजन करा, खोदाई नंतर.

आईच्या गुडघ्यांसाठी पायऱ्यांची उंची सहा इंचांपेक्षा जास्त नको आणि खालच्या न्हाणीघराचं दार तीन फुटी हवं. हे दोन्ही आर्किटेक्टला आताच सांगा.

तुमची,
स्नेहल