होमस्टेडचा संप मोडला कसा

पिट्सबर्ग

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथला संप मोडला कसा?" तेवढ्यात आजीने औषधासाठी हाक मारली आणि बोलणं तुटलं. म्हणून आता सविस्तर लिहितो. आई वाचून दाखवेल.

होमस्टेड आमच्या शहराला लागूनच, मोनोंगहेला नदीच्या काठावर. अँड्र्यू कार्नेगीचा पोलादाचा कारखाना तिथे होता. 1892 साली कामाला सुमारे 3,800 माणसं, पण युनियनची सभासद जेमतेम 800. तीही कसबी माणसं, भट्टीवर आणि रोलवर काम करणारी. बाकीच्यांत बरेचसे पूर्व युरोपातून आलेले बिगारी. पाळी बारा तासांची, आणि दर पंधरवड्याला दिवसपाळीची रातपाळी होताना सलग चोवीस तास. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंच्या धडपडीने मुंबईच्या गिरणी कामगाराला 1890 साली रविवार मिळाला, तेव्हा कार्नेगीच्या कारखान्यांत अनेकांना रविवारीही भट्टीपुढे उभं राहावं लागत होतं. हे वाचून मला तरी आश्चर्य वाटलं. मी उलटंच धरून चाललो होतो.

कामगारांचा दर पोलादाच्या बाजारभावाशी बांधलेला. भाव चढला की मजुरी चढायची, उतरला की उतरायची, पण टनाला 25 डॉलरच्या खाली भाव गेला तरी मजुरी त्याखाली मोजायची नाही असा करार. कारखान्याचा मुखत्यार हेन्री फ्रिक ही मर्यादा खाली ओढायला बसला होता. घासाघीस होत होत कंपनी 23 वर आली, युनियन 24 वर. अंतर राहिलं एका डॉलरचं. पण खरी मेख दुसरीकडेच होती. करार संपायचा 30 जूनला, फ्रिकला तो 31 डिसेंबरला संपायला हवा होता. का, ते तुम्हाला सांगायला नको. इथला डिसेंबर म्हणजे गुडघाभर बर्फ. घरात कोळसा नाही, कोठीत दाणा नाही, अशा वेळी संप कोण करणार?

करार संपायच्या आधीच त्याने कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, वर काटेरी तार. लोक त्याला 'फोर्ट फ्रिक' म्हणायला लागले. मग टाळेबंदी. गंमत म्हणजे जे बिगारी युनियनमध्ये नव्हते, ज्यांना कसबी लोक एरवी हिंग लावून विचारत नसत, तेही बाहेर पडले.

6 जुलैच्या पहाटे पिंकर्टन नावाच्या खासगी एजन्सीचे 300 बंदूकधारी दोन बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू बोटींतून, नदीने आले. गावाला आधीच सुगावा लागला होता. भोंगा झाला आणि बायापोरांसकट सगळं गाव काठावर. दिवसभर गोळीबार चालला. जळता तराफा बार्जवर सोडला, तेल ओतून नदी पेटवायचा प्रयत्न झाला. संध्याकाळी पिंकर्टनवाले शरण आले, आणि गावाने त्यांना बडवत बडवत नेलं. दोन्हीकडची मिळून दहाएक माणसं गेली.

म्हणजे त्या दिवशी कामगार जिंकले, आबा. हरले ते नंतर. आठवड्याच्या आत गव्हर्नरने 8,000 च्या आसपास शिपाई पाठवले आणि त्यांच्या पहाऱ्यात नवी भरती आत गेली. पुढाऱ्यांवर खुनाचे, अगदी राजद्रोहाचेही खटले भरले. शिक्षा एकालाही झाली नाही, पण जामीन आणि वकील यांतच युनियनची तिजोरी रिकामी झाली. त्यात अलेक्झांडर बर्कमन नावाच्या एका अराजकवाद्याने फ्रिकवर गोळ्या झाडल्या. तो कारखान्यातला नव्हता, तरी डाग कामगारांना लागला. नोव्हेंबरात संप मागे घेतला. त्यानंतर युनियनला इथल्या मोठ्या पोलाद कंपनीने मान्यता दिली ती थेट 1937 साली. बारा तासांची पाळी गेली 1923 मध्ये.

या सगळ्या काळात कार्नेगी स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर. फ्रिकला पत्रांतून पाठिंबा होताच. मला राग येतो तो याचा. फ्रिक निदान समोर उभा होता. कार्नेगीने तर 1886 साली कामगारांच्या संघटनेच्या हक्काच्या बाजूने लेख लिहिला होता! आणि मूळचा कोण? हातमागवाल्याचा मुलगा. यंत्रमाग आले, बापाचा धंदा बसला, म्हणून 1848 मध्ये कुटुंब इकडे आलं, आणि हा पोरगा आठवड्याला 1 डॉलर 20 सेंटवर सूतगिरणीत लागला. 1901 मध्ये कंपनी विकली ती 48 कोटी डॉलरला. पुढे जगभर 2,500 वर ग्रंथालयं बांधून दिली. होमस्टेडचं 1898 चं. मी तिथे जातो. इमारत देखणी, आत नाट्यगृह आणि पोहण्याचा तलावसुद्धा. पण बारा तास भट्टीपुढे भाजून निघालेला माणूस कुठलं पुस्तक उघडणार होता?

कारखाना 1986 मध्ये बंद झाला. जागेवर आता दुकानं, हॉटेलं, सिनेमागृह. एका रांगेत उंच चिमण्या तेवढ्या ठेवल्यात. लालबाग-परळला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, मी काय सांगू.

मला एक सांगा. 1982 च्या गिरणी संपात गावी परतायचं तुम्ही कधी ठरवलंत, आणि खोलीचं भाडं तोवर कोण भरत होतं? आजीला विचारलं की ती विषय बदलते. आईला फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, सावकाश बोला.

गुडघ्याचं तेल पाठवलंय, पोचलं की कळवा. आजीला नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुमचा,
संदीप