खो-खोच्या काकूंना, बडोद्याहून

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून घरातल्या घरात फिरताय, हे तुमच्या सूनबाईंनी कळवलं आणि आम्हा सगळ्या शिक्षकांना हायसं वाटलं. तुम्ही नाशिकला निघालात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. पेपर, मूल्यमापन, नोंदी यांत तुमचा नीट निरोप समारंभसुद्धा झाला नाही. आता निकाल लागले, उन्हाळ्याची सुट्टी लागली, म्हणून हे पत्र. टपालानं ते तुम्हाला येईलच, पण त्याची एक प्रत शाळेच्या फलकावर लावणार आहे आणि पालकांच्या ग्रुपवरही टाकणार आहे. डिसेंबरातला क्रीडा सप्ताह सगळ्यांनी पाहिला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. त्यामागे तुम्ही काय काय केलंत ते मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

पालकांसाठी आधी पुराचं लिहिते. 2024च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि आपली शाळा तर सखल भागात. पाणी ओसरल्यावर मैदानावर जो गाळ राहिला तो वाळून त्याची ढेकळं झाली. त्यात काच, खिळे, फुटक्या बरण्या, कुणाच्या तरी घरातल्या फरशीचे तुकडे. मुलांना आम्ही व्हरांड्याच्या पलीकडे जाऊ देत नव्हतो. यंदा क्रीडा सप्ताहाऐवजी वर्गातच कॅरम आणि बुद्धिबळ घ्यावं, असं बैठकीत जवळजवळ ठरलं होतं. शाळेमागच्या पोळीत, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीत, राहणाऱ्या तुम्ही, नातवाचा दाखला घ्यायला ऑफिसात आला होतात, आणि ते ऐकून म्हणालात, "खेळायचं नाही म्हणजे काय? माती आहे ती. काढता येते, घालता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं तर तुम्ही आत. गवंडी रेती चाळायला लावतात तशी जाळी कुठून तरी मागून आणलेली आणि ती मागच्या भिंतीला तिरपी टेकवलेली. फावड्यानं माती उडवायची, खाली पडलेली एका बाजूला आणि जाळीवर राहिलेलं घमेल्यात. गुडघे तेव्हाही दुखत होते, म्हणून तुम्ही स्टुलावर बसून जाळीवरची एकेक ढेकूळ हातानं फोडून बघायचात. मी म्हणाले, एवढं बारीक कशाला? तुम्ही तळहात पुढे केलात. त्यावर बांगडीच्या काचेचा हिरवा तुकडा होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा. "मुलं अनवाणी पळणार आहेत, बाई," एवढंच म्हणालात. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. हळूहळू इतर माणसं आली. एका पालकानं टेम्पो दिला, दुसऱ्यानं तांबडी माती आणून टाकली, आठवीच्या मुलांनी पाणी मारून धुमस चालवली. पण सुरुवात एकट्या तुमची होती आणि दिवाळीपर्यंत ती जाळी भिंतीला टेकलेलीच होती. याबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार खांबांचे. पोळीतल्या सुतारकाकांकडून तुम्ही दोन खांब करवून घेतलेत, जमिनीच्या वर बरोबर 120 सेंटीमीटर राहतील असे. मग स्वतः बसून पॉलिश पेपर मारलात, कारण वळताना मूल खांबाला हात घालतं आणि कुसळ शिरली की पुढच्या वेळी ते खांबाजवळ फिरकतच नाही. आखणीसाठी तुमची ती जुनी दोरी, रंगीत चिंध्यांच्या गाठी मारलेली. मधली पाटी, आठ आडव्या पाट्या, चौकोन, सगळं त्या गाठींवर. मोठ्यांचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं, मुलांसाठी तुम्ही ते आखडून घेतलंत आणि फक्की मारायला रोज वेगळ्या वर्गातली मुलं घेतलीत. सातवीची एक मुलगी मला म्हणाली, बाई, भूमितीतला काटकोन मला दोरीवर कळला. तिच्या वहीत तो मी वर्षभर काढून घेत होते.

पण ज्यासाठी मी हे पत्र मुळात लिहायला घेतलं ती गोष्ट वेगळीच आहे. दरवर्षी आपला क्रीडा सप्ताह म्हणजे काय असायचा? शंभर मीटर, लांब उडी, गोळाफेक, लिंबू-चमचा. प्रत्येक वर्गातली तीच चार-पाच चपळ मुलं सगळी पदकं नेणार आणि बाकीची कडुलिंबाखाली बसून टाळ्या वाजवणार. शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीत बाद झालेल्या मुलाचा क्रीडा सप्ताह सोमवारी सकाळी अर्ध्या मिनिटात संपतो, पुढचे पाच दिवस तो नुसता प्रेक्षक. हे इतकी वर्षं आमच्या कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. तुम्ही पहिल्याच बैठकीत विचारलंत, "झाडाखाली किती बसतात?" आणि मग अट घातलीत की तिसरीपासून वर प्रत्येक मूल रोज एक डाव तरी खेळेल, नाहीतर मी येत नाही.

चिठ्ठ्या टाकून संघ पाडलेत, म्हणजे चपळ मुलं आपोआप वाटली गेली. संघात बारा जण, मैदानात नऊ, म्हणून दर डावाला तीन जण आळीपाळीनं बाहेर आणि कोण बाहेर ते तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं. डाव पाच-पाच मिनिटांचे. काही पालकांना हे रुचलं नव्हतं, आपला मुलगा हमखास पदक आणतो, त्याला असं वाटून का टाकायचं, असं ते मला भेटून बोललेही. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. त्यांना संध्याकाळी सरावाला बोलावून शेजारी बसवलंत.

चौथीतला माझ्या वर्गातला एक मुलगा, अंगानं जड. खेळाच्या तासाला त्याचं हटकून पोट दुखायचं. त्याला तुम्ही पळायला शिकवलंच नाहीत. बसायला शिकवलंत. चवड्यांवर भार, टाच उचललेली, हात पुढे, नजर समोरच्या गड्याच्या कमरेवर, पायांवर नाही. पाठीवर थाप आणि "खो" एकदम आलं की उठायचं, आधी हललास तर फाऊल. आठवडाभर तो नुसता बसत-उठत होता. मग तुम्ही त्याच्या संघाला सांगितलंत, गडी चौथ्या चौकोनाजवळ आला की खो याला द्या. कारण लांब पळायला तो हळू असला तरी उठल्यावरच्या पहिल्या तीन पावलांत कुणाला ऐकत नव्हता. गुरुवारच्या सामन्यात त्यानं दोन गडी टिपले. त्याची आई माझ्या बाजूला उभी होती. ती टाळ्या वाजवायची विसरली आणि नुसती "अगं बाई, अगं बाई" करत राहिली. परवा निकाल घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी गुण नंतर पाहिले, आधी विचारलं, काकू जूनमध्ये येणार ना?

आणि आया! त्या शनिवारचं तर काय सांगावं. मुलांना सोडायला येणाऱ्या बायका फाटकाबाहेर थांबून सराव बघायच्या, त्यांना तुम्ही एक दिवस आत ओढलंत. कुणी पदर खोचला, कुणी ओढणी कमरेला बांधली, चपला रांगेत काढल्या. धुळ्याकडून इथे कामाला आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या आपल्या तिसरीतल्या एका मुलीच्या आईनं अशी हूल दिली की मुलं ओरडायला लागली. लग्नाआधी गावच्या शाळेत खेळायची म्हणे, पुढे संसारात कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. गुजराती शेजारणी खेळल्या, एक आजी खांबाजवळ उभी राहून नुसतं "दोड, दोड!" ओरडत होती. शाळेच्या मैदानावर आईला पळताना त्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

सरावानंतरचे गूळ-दाणे तुमच्या पिशवीतून यायचे. त्याचा हिशेब तुम्ही शेवटपर्यंत दिला नाहीत, म्हणून इथे जाहीर लिहून ठेवते.

समारोपाला तुम्हाला व्यासपीठावर बसवायचं आमच्या मनात होतं. तुम्ही शिट्टी घेऊन मैदानातच राहिलात. मग मुख्याध्यापकांनी भाषणात बडोद्याचा वारसा सांगितला. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला तो कायदा लागू केला. हुतुतूचे नियम 1923 साली इथल्या हिंद विजय जिमखान्यानं छापले. जुम्मादादा व्यायाम मंदिर तर 1880 पासूनचं, जिथे तुमचे वडील मल्लखांबाला जायचे. हे सगळं मी मुलांना दरवर्षी सांगते आणि मुलं ऐकून घेतात. या वेळी ऐकताना त्यांचे तळपाय तांबड्या मातीनं भरलेले होते आणि भाषण संपल्यावर तिघा-चौघांनी विचारलं की जुम्मादादाला आपल्याला जाता येईल का. शिक्षिका म्हणून मला यातला फरक कळतो, काकू. महाराजांनी प्रत्येक मूल शाळेत आणायचा कायदा केला. शाळेत आलेलं प्रत्येक मूल मैदानात आणणं आमच्यावर होतं आणि ते तुम्ही करून दाखवलंत.

उत्तरायणाच्या आधी सप्ताह उरकायचा तुमचा आग्रहही बरोबर ठरला. पतंग चढले की आपल्या मुलांचे डोळे आभाळाला आणि बोटं मांज्यानं कापलेली, मग खो कोण देणार. नंतर लगेच 19 जानेवारीला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले, भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं, मुलींनी 78-40 आणि मुलांनी 54-36. सोमवारी शाळेत दुसरा विषयच नव्हता. मुलींच्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे कशी वळली ते पाचवीच्या मुली बाकांच्या मधून करून दाखवत होत्या.

आता तुम्ही गेल्यानंतरच्या बातम्या. आपल्या मुलींचा संघ यंदा पहिल्यांदा खेल महाकुंभात, म्हणजे गुजरात सरकारच्या क्रीडास्पर्धेत, उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. समोरच्या मुली खांबावर सूर मारून गडी टिपत होत्या, आपल्या मुलींना ते माहीतच नव्हतं. परतीच्या रिक्षात रडारड झाली, पण शाळा येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं की सूर शिकायचा. पुरात भिजलेल्या वाचनालयाचं काम मार्गी लागलं. माजी विद्यार्थ्यांनी लोखंडी कपाट दिलं, ते आम्ही पहिल्या मजल्यावर ठेवलंय आणि पालकांनी आणून दिलेल्या पुस्तकांची नोंद चालू आहे. मराठी पुस्तकं इथे मिळणं सोपं नाही, म्हणून तुम्ही नाशिकहून पाठवलेला खोका सगळ्यात आधी फोडला गेला. आठवीच्या मुलांनी निरोप समारंभात नाच-गाणी नको म्हणून सांगितलं आणि सातवीविरुद्ध सामना मागून घेतला. सातवीनं जिंकला. पहिलीसाठी आत्तापर्यंत आलेली नावं मागच्या वर्षीपेक्षा थोडी जास्त आहेत. मराठी माध्यमाच्या शाळेला बडोद्यात हे किती मोलाचं आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नाव घालायला आलेल्या एका वडिलांनी मला विचारलं, "आयांना खेळवतात ती शाळा हीच ना?"

आया अजूनही शनिवारी येतात. सुट्टीतही फाटक उघडं ठेवायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. ऊन चढायच्या आत, सकाळी सात ते आठ. ती धुळ्याकडची ताई आता सगळ्यांना शिकवते.

खांब काढून, ताडपत्रीत गुंडाळून वरच्या खोलीत ठेवलेत, यंदा नदी कितीही वर आली तरी तिथे पोचणार नाही. किल्ली शिपाईकाकांकडे आहे. डॉक्टर जिना चढायला हो म्हणेपर्यंत तुम्ही घाई करू नका. खुर्ची मैदानाच्या कडेला मांडून देऊ, शिट्टी तेवढी तुमच्याकडेच असू द्या.

मुलांच्या, आयांच्या आणि आम्हा सगळ्या शिक्षकांच्या वतीनं मनापासून आभार.

आपली नम्र,
चौथीच्या वर्गशिक्षिका

ता. क. दोरीवरच्या लाल आणि पिवळ्या गाठी कळल्या, हिरवी कशाची ते कुणालाच सांगता येत नाहीये. पहिली-दुसरीच्या छोट्या मैदानाची असावी असा आमचा अंदाज आहे. सूनबाईंना सांगून तेवढं मोबाइलवर कळवा, म्हणजे जूनमध्ये लहानग्यांचंही मैदान आखून ठेवता येईल.