दादा, दारांचा रंग जाळू नकोस

लीड्स, इंग्लंड
14 सप्टेंबर

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार सांगा.

वाड्याच्या दारांचे फोटो पाहिले. दिवाळीच्या आधी सगळा रंग काढून आतलं सागवान मोकळं करायचं ठरलंय, याचा मला फार आनंद झाला. पण मिस्त्री ब्लो लॅम्पनं रंग जाळून वरून ग्राइंडर फिरवणार म्हणतो, ते काही झालं तरी होऊ देऊ नकोस. घरात रांगतं लेकरू आहे.

माजघराच्या दाराचा फोटो मोठा करून बघ. कोयंड्याजवळ पोपडा उडालाय, तिथं वर तपकिरी, त्याखाली हिरवा आणि अगदी तळाला पिवळा थर दिसतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये पिवळेपणासाठी लेड क्रोमेट घालायचे, म्हणजे शिसं. हिरव्यातही पुष्कळदा तेच असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून, आणि हे थर तर आजोबांच्या वेळचे. तेव्हा शिसं आहे असंच धरून चाल. कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ ओसरीभर बसते, ज्योतीनं जाळलं की विषारी धूर होतो. छकुली त्याच ओसरीवर रांगते आणि तोच हात तोंडात घालते. शिशानं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि इतकं चालेल असं त्याचं सुरक्षित प्रमाणच नाही.

कोणी कॉस्टिक सोड्याचं नाव काढलं तर त्यालाही नाही म्हण. आमचं इथलं घर व्हिक्टोरियन काळातलं, दारं पाइनची. आधीच्या मालकानं ती सोड्याच्या हौदात बुडवून काढली होती. रंग गेला, पण सांध्यांतला सरस सुटला आणि दिलहे, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फळ्या, आता खुळखुळतात. सागावर सोडा पडला तर लाकूड काळपट होतं. चांगलं सागवान म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं ते आपल्या बल्लारपूरहूनच.

मग करायचं कसं? दारं बिजागऱ्यांतून उतरवून गोठ्यापासून लांब, मागच्या अंगणात सावलीत आडवी ठेवा. खाली जाड प्लास्टिक अंथरा. रंग काढायचं जेल मिळतं, त्याचा जाड थर द्या आणि वरून पॉलिथिन झाका, नाहीतर आपल्या उन्हात ते लगेच वाळतं. यातल्या बऱ्याच जेलमध्ये डायक्लोरोमिथेन नावाचं रसायन असतं. इथं घरगुती वापरासाठी ते विकायला बंदी आहे, कारण बंद खोलीत त्याच्या वाफेनं माणसं दगावली आहेत. म्हणून डब्यावरची नावं वाचून ते नसलेलंच आणा, आणि काम उघड्यावरच करा. थोड्या वेळानं रंग सुरकुततो आणि सायीसारखा वर येतो, तेव्हा बोथट पत्रीनं रेषांच्या दिशेनं ओढायचा. दारावरच्या गणेशपट्टीच्या नक्षीत पटाशी अजिबात घालायची नाही. तिथं लाकडी काडी टोकदार करून वापरा, वेळ लागला तर लागू दे. उरलेलं वॉटर पेपरनं ओलं ठेवूनच घासायचं. हातमोजे, एन-95 मास्क आणि कामाचे कपडे वेगळे. ते कपडे वहिनीनं घरच्या धुण्यात टाकू नयेत.

खरवडलेला रंग उकिरड्यावर जाता कामा नये. गुरं जुन्या रंगाचे तुकडे चाटतात आणि शिशाच्या विषबाधेनं मरतात. चुलीत किंवा बंबातही टाकायचा नाही. पिशवीत बांधून वेगळा ठेवा. अंगण झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पितळी फुल्या नि कड्या काढून गरम पाण्यात भिजवल्या की रंग आपोआप सुटेल, पण त्यासाठी घेतलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही.

आणि पॉलिशला बाजारातलं चकचकीत काही नको, बाबांच्या ओळखीच्या तेलघाण्यावरचं जवसाचं तेल घ्या. अगदी पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसायचं, पुरतं वाळल्यावर दुसरा. कच्चं तेल वाळायला दिवसेंदिवस लागतात, घाई करू नका. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दिवाळीआधी सगळं होणार नाही. यंदा फक्त माजघराचं आणि देवघराचं करा, दिंडी दरवाजा थंडीत. त्यावरचा रंग घट्ट धरून आहे, तोवर त्याला हातही लावू नका. मिस्त्रीकाकांना वाईट वाटू देऊ नकोस, रविवारी ते आले की मला व्हिडिओ कॉल लाव, मीच त्यांच्याशी बोलते. आणि काम चालू असेल तितके दिवस छकुलीला वहिनीच्या माहेरी आर्वीला पाठवा, एवढं माझं ऐका.

तुझी,
बेबी