आबा, काळ्या गाडीवरचा धुरकटपणा घालवल्याबद्दल

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "असू द्या हो" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जळगाव-भुसावळकडे काळ्या गाड्या कमी नाहीत, आणि पॉलिश करून आणलेली गाडी पहिल्या धुण्यानंतर भुरकट दिसायला लागली की लोक हवालदिल होतात. तुम्ही जे केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आमच्या वडिलांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर पीएफच्या पैशातून घेतलेली ही गाडी. आखाजीला ताई माहेरी येणार म्हणून एके ठिकाणी मशीन पॉलिश करून घेतली. ताब्यात मिळाली तेव्हा ट्यूबलाइटखाली लखलखत होती. घरी शाम्पूने धुतली, उन्हात उभी केली, आणि बॉनेटभर पांढरट झाक! मशीन जसजसं फिरलं तसतसे गोल पट्टे. वडील काही बोलले नाहीत, पण रोज सकाळी फडकं घेऊन तीच जागा पुसत राहायचे. एक जण म्हणाला, अजून एक हात कंपाऊंड (रंग घासणारी जाडसर पेस्ट) मारा. दुसरा म्हणाला, बॉनेट रंगवूनच टाका.

मग गाडी तुमच्याकडे आणली. तुम्ही लगेच मशीनला हातच लावला नाहीत. आधी विचारलंत, बॉनेट कधी नव्याने रंगवलंय का? कारण ताज्या रंगात सॉल्व्हंट अडकून राहिलेलं असेल तर ते निघून जाईपर्यंत चकाकी कमी होत जाते, तिथे पॉलिश घासून उपयोग नाही, रंगाला आधी पूर्ण सुकू द्यावं लागतं. आमचा रंग कंपनीचाच होता. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून तुम्ही अख्खं बॉनेट पुसलंत, आणि जिथे बरं दिसत होतं तिथलंही पितळ उघडं पडलं. माझ्या पोटात गोळाच आला. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "आता खरं काय ते दिसलं."

ते तुम्ही ज्या सोप्या शब्दांत सांगितलंत तसं इतर कुणी सांगितलं नव्हतं. कडक कंपाऊंड आणि लोकरीचा पॅड जुने ओरखडे काढतात, पण स्वतःचे असंख्य बारीक ओरखडे मागे ठेवतात. सुटा ओरखडा डोळ्याला दिसत नाही. सगळे मिळून उजेड इकडेतिकडे फेकतात आणि काळ्या रंगावर तेच पांढरट दिसतं. त्यावर मऊ फोम आणि बारीक पॉलिशचा हात फिरवायला हवा होता. तो फिरवलाच नव्हता, नुसतं तेलकट ग्लेझ चोळून ओरखडे बुजवले होते. शाम्पूने तेल गेलं, ओरखडे राहिले. त्यात काम झालं होतं भर दुपारी, उघड्यावर. आपल्याकडे त्या दिवसांत पारा ४३-४४ वर असतो. तापल्या पत्र्यावर कंपाऊंड पॅडखालीच सुकतं आणि कापण्याऐवजी खरवडतं.

म्हणून तुम्ही मला भल्या सकाळी बोलावलंत, पत्रा गार असताना. टेप लावून बॉनेटवर वीतभर चौकोन आखलात. मऊ काळा फोम, सगळ्यात बारीक पॉलिशचे मोजके थेंब, आणि गोल गोल फिरणाऱ्या रोटरीऐवजी ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता इकडेतिकडे हलणारं मशीन. पहिल्या फेरीत झाक कमी झाली, गेली नाही. मला वाटलं आता जोर लावावा लागणार. तुम्ही नेमकं उलट केलंत. पॅड काढून बाजूला ठेवलात, कारण निघालेला रंग आणि सुकलेलं पॉलिश त्यात अडकून तेच पुन्हा घासत होतं. नवा पॅड, वेग कमी, आणि शेवटच्या फेऱ्यांना नुसतं मशीनचं वजन. पुन्हा अल्कोहोलने पुसलंत, गाडी उन्हात घेतलीत आणि मला हाक मारलीत, "आते देख भो, उनमा देख."

पांढरट झाक गेली होती. तरी चौकोनात चार-दोन सरळ रेषा होत्या. तुम्ही त्या माझ्याआधी पाहिल्यात आणि हातातलं फडकं उलटंपालटं केलंत. मायक्रोफायबरच्या कडेला शिवलेलं कंपनीचं लेबल तसंच होतं! दुसरं, बिनलेबलाचं फडकं आल्यावर रेषाही थांबल्या. मशीन, पॉलिश, पॅड एवढं सगळं जुळवून शेवटी खोट फडक्यात निघते, हे मी तिथे उभा होतो म्हणून पटलं.

बाकीची गाडी त्याच पद्धतीने झाली, त्याचं वर्णन करत बसत नाही. पण डाव्या फेंडरच्या धारेबद्दल लिहायलाच हवं. तिथे अजून थोडा भुरकटपणा आहे आणि तो तुम्ही जाणूनबुजून ठेवलात. तुम्ही सांगितलंत, धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि आधीच्या मशीनने तिथला बराच खाल्लाय. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. आपल्याकडचा मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो, क्लिअर कोट किती उरला ते नाही. "इथं थांबू. चमक पुन्हा आणता येईल, गेलेला थर नाही." गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ती धार घासणं किती सोपं होतं! ग्लेझ चोळणं तर त्याहून सोपं. तुम्ही दोन्ही केलं नाहीत, आणि मला सगळ्यात मोठा उपकार हाच वाटतो. लगेच सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर संरक्षक थर, करू का म्हणून विचारलं, तर त्यालाही तुम्ही घाई करू दिली नाहीत. आधी दोनदा धुऊन बघा, झाक परत आली नाही तरच पुढचं बोलू; झाक असताना वर कोटिंग चढवलं की ती खालीच कोंडली जाते.

धुऊन झालं, आबा. झाक आली नाही. वडील आता गाडी पुसताना आधी पाणी मारून काळ्या मातीची धूळ उतरवतात, मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायला, घेऊन बसतात, तुम्ही सांगितलं तसं. कोरडं फडकं त्यांनी कायमचं बंद केलंय.

तुमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलालाही माझा नमस्कार सांगा. दुसरा चौकोन तुम्ही त्याच्याकडून करून घेतलात आणि त्याने घाई केली तेव्हा न रागावता त्याच्या हातावर हात ठेवून वेग कमी केलात, हे मी पाहिलंय. पुढच्या आठवड्यात वडील सावद्याला जाणार आहेत, जाताना तुमच्याकडे थांबतील. धारेकडे एकदा नजर टाका, आणि कोटिंगचं काय ते त्यांनाच सांगा. ते आता तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत.

आपला ऋणी,
भुसावळचा काळ्या गाडीवाला